आकडा सगळ्यांचा, नाव माझं

(खानापूर तालुक्यातल्या एका युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले एकदोन मुद्दे लिहिताना जोडले आहेत.)



मला विषय दिला होता, ‘जनगणना आणि आपली मराठी’. म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, हा आता उठून सांगणार, मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहा, टाळ्या, संपलं. ते मी सांगणारच आहे. खरं त्याच्या आधी थोडं वेगळं बोलायचं आहे, आणि त्यातलं काही आपल्याच लोकांना लागेल असं आहे. राग आला तर नंतर चहाच्या वेळी भांडूया.

सुरुवात आमच्या घरापासून करतो.

२०११ सालचा फेब्रुवारी. मी बारावीत होतो. जनगणनेचे गुरुजी आमच्या घरी आले. माणूस चांगला होता, दिवसभर फिरून दमलेला. बाहेर कट्ट्यावर बसला, मांडीवर तो लांबलचक कागद. गुरुजी आले म्हटल्यावर शेजारच्या दोन बायका आल्या, समोरचे तात्या आले, पोरं जमली. आमच्याकडं पाहुणा कुणाच्याही घरी आला तरी तो सगळ्या गल्लीचाच असतो, तुम्हाला माहीतच आहे. 

नाव, वय, शिक्षण झालं. मग गुरुजींनी आजीला विचारलं, ‘आजी, एकूण मुलं किती झाली? आणि आता किती आहेत?’ हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनानं काढलेला नव्हता. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला हे दोन प्रश्न विचारायचे होते, कागदावरच तसं होतं. आजी जरा थांबली. तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, ‘चार. चारीबी हाईत.’ गुरुजींनी लिहिलं, उठले, पुढच्या घरी गेले.

रात्री जेवताना आजी आईला म्हणाली, ‘सहा झाली होती ग. दोन गेली. खरं सगळ्या गल्लीसमोर कसं सांगू?’ आईला लग्नाला वीस वर्षं झाली होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

ही गोष्ट मी का सांगतोय? गोपनीयता म्हटलं की आपल्याला वाटतं ही शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांची चैन. आपलं काय लपवायचं आहे, आपण साधी माणसं. आमच्या आजीकडं ना बँकेत पैसा होता, ना मोबाईल. तिच्याकडं लपवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती तिनं चाळीस वर्षं जपली होती. सरकारला ती सांगायला तिची हरकत नव्हती. गल्लीला सांगायला होती. आणि गल्ली तिथं होती म्हणून देशाच्या कागदावर खोटा आकडा गेला. सहाच्या जागी चार.

माणसाला आडोसा दिला की तो खरं सांगतो. आडोसा काढून घेतला की आकडाच खोटा होतो. पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं यातूनच येतं.

आता कायद्याकडं येऊया.

आपली जनगणना १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार होते. त्यातली तीन कलमं तुम्ही लक्षात ठेवा, परीक्षेसाठी नव्हे, दारात माणूस आल्यावर उपयोगी पडतील म्हणून.

पहिलं कलम ८. जनगणनेच्या ठरलेल्या प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. ‘मी सांगणार नाही, माझी मर्जी’ असं इथं चालत नाही. मुद्दाम खोटं सांगितलं किंवा उत्तर नाकारलं तर दंड आहे, एक हजार रुपयांपर्यंत. पण त्याच कलमात एक मजेशीर सूट आहे. घरातल्या बाईचं नाव सांगायला कुणी बांधील नाही, आणि नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नसेल तर ते सांगायला बाई बांधील नाही. म्हणजे १९४८ साली, संगणक नव्हता, आधार नव्हतं, तेव्हासुद्धा कायदा करणाऱ्यांना कळत होतं की प्रत्येक घरात काही गोष्टी उंबऱ्याच्या आतल्या असतात.

दुसरं कलम ११. प्रगणकानं तुमची माहिती सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय बाहेर फोडली, किंवा मुद्दाम अपमानकारक प्रश्न विचारला, तर त्याला दंड तर आहेच, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. हे वाचताना ‘पूर्वपरवानगीशिवाय’ या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. कुलूप आहे, पण एक किल्ली सरकारकडं आहे.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, कलम १५. जनगणनेची भरलेली नोंद बघायचा हक्क कुणालाही नाही. शेजाऱ्याला नाही, भाऊबंदाला नाही, मालकाला नाही. आणि कोर्टात ती पुरावा म्हणून चालत नाही. दिवाणी दाव्यात अजिबात नाही. फौजदारीत फक्त जनगणनेच्याच गुन्ह्यासाठी. वाटणीचा दावा चालू आहे आणि चुलत्यानं जनगणनेत खोल्या किती लिहिल्या ते काढून आणतो म्हणालात, तर मिळणार नाही. 

म्हणजे या कायद्यानं आपल्याशी एक सौदा केला आहे. तू खरं सांग, मी तुझं नाव झाकून ठेवतो आणि फक्त बेरीज जाहीर करतो. 

आता अडचण कुठं आहे? दारात येणारा प्रत्येक कागद जनगणनेचा नसतो. आणि प्रत्येक कागदाला हे कलम १५ चं कुलूप नसतं.

मागच्याच काही वर्षांतलं बघा. २०११ च्या सुमाराला जनगणनेसोबत आणखी एक गणना झाली, सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय. लोकांना वाटलं, ही जनगणनाच. ती जनगणना कायद्याखाली नव्हती. तिच्यातली माहिती योजनांचे लाभार्थी ठरवायला वापरायचीच होती, आणि हरकतींसाठी याद्या गावात जाहीरही झाल्या. त्यात वाईट काही नाही, हेतूच तो होता. पण सांगणाऱ्याला फरक माहीत होता का?

दुसरं उदाहरण राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं, ज्याला एनपीआर म्हणतात. २०१० साली जनगणनेच्या घरयादीसोबतच त्याची माहिती गोळा झाली, २०१५ मध्ये अद्ययावत झाली. माणूस तोच, दार तेच, दिवस तोच. पण एनपीआरचा आधार नागरिकत्व कायदा आणि २००३ चे नियम. तिथं हेतूच नावासकट यादी ठेवण्याचा आहे. जनगणनेची वही बेरजेसाठी असते, नोंदणीची वही माणूस ओळखण्यासाठी. दोन्ही वह्या एकाच पिशवीत आल्या की गोंधळ होणारच. २०१९-२० मध्ये देशभर यावर केवढा वाद पेटला ते तुम्हाला आठवत असेल. पुढं कोविड आला आणि जनगणनाच लांबली.

तिसरं उदाहरण आपल्या राज्यातलं, अगदी ताजं. २२ सप्टेंबर २०२५ ला कर्नाटकात मागासवर्ग आयोगाचं सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झालं. साठ प्रश्न. मास्तर, बाई घरोघर फिरले. आपल्याकडंही बैठका झाल्या, जातीच्या रकान्यात काय, पोटजातीत काय, मातृभाषेत काय, यावर रात्री जागल्या. पण तीन दिवसांनी, २५ सप्टेंबरला, कर्नाटक उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला तो किती जणांनी वाचला? न्यायालयानं सर्वेक्षण थांबवलं नाही. पण सांगितलं की यात भाग घेणं ऐच्छिक आहे, लोकांना तसं स्पष्ट सांगा, आणि गोळा केलेली माहिती गुप्त ठेवा. हात वर करा बघू, तुमच्या दारात किती जणांना सांगितलं की हे ऐच्छिक आहे? ... दोन. बरं.

म्हणून पहिली सवय लावून घ्या. दारात कुणीही वही किंवा मोबाईल घेऊन आला की पाणी द्या, बसायला द्या, आणि विचारा, ‘सर, हे कुठल्या कायद्याखाली? सक्तीचं की ऐच्छिक?’ हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगला माणूस असेल तर ओळखपत्र दाखवून नीट सांगेल.

आता जगात काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. यादी आणि बेरीज यातला फरक लोकांनी फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे.

अमेरिकेत १९४० ला जनगणना झाली, माहिती गुप्त राहील असं सांगून. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, एका युद्धकाळी कायद्यानं ती गुप्तता सैल केली. जपानी वंशाच्या लाखभर लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत ठेवलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. त्यांच्या वस्त्या कुठं, कुठल्या भागात किती, हे जनगणनेच्या आकड्यांवरून काढलं. नावंसुद्धा लागली नाहीत. भाग पुरेसा लहान केला की आकडाच पत्ता होतो. नंतर, २००७ मध्ये, संशोधकांनी कागदपत्रांतून दाखवलं की काही ठिकाणी नावंही दिली गेली होती.

नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदणी फार टापटीप होती. त्यात धर्मही होता. गोळा करणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. पण १९४० मध्ये जर्मन आले आणि तयार नोंदी त्यांच्या हातात पडल्या. १९४३ च्या मार्चमध्ये ॲमस्टरडॅममधल्या प्रतिकार गटानं ते नोंदणी कार्यालयच उडवून द्यायचा प्रयत्न केला. काही कार्डं जळाली, बरीचशी वाचली. यादी करणारा चांगला असून भागत नाही. यादी उद्या कुणाच्या हातात जाईल ते त्याला ठाऊक नसतं.

आणि त्याच जर्मनीत चाळीस वर्षांनी काय झालं बघा. १९८३ च्या जनगणनेविरुद्ध लोक घटना न्यायालयात गेले. १५ डिसेंबर १९८३ ला न्यायालयानं सांगितलं, आपली माहिती कुठं, कशी वापरली जावी हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे. आकडे काढायला गोळा केलेली माहिती नावासकट दुसऱ्या खात्यांना पुरवता येणार नाही. जनगणना पुढं १९८७ मध्ये झाली, नियम सुधारून. म्हणजे न्यायालयानं जनगणना मोडली नाही, तिला कुंपण घातलं.

आपल्याकडं २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि हेतूपेक्षा जास्त मागायचं नाही. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्यात सांख्यिकीच्या कामाला सूट आहे, अट एवढीच की त्या माहितीवरून एखाद्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेली मानकं पाळायची. म्हणून जनगणनेपुरतं आपलं खरं कुलूप अजूनही ते १९४८ चं कलम १५ च आहे.

आपल्या देशातलंच आणखी एक उदाहरण आसामचं. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी मिळालेल्या माहितीवरून तिथं नागरिकांची नोंदवही बनवली गेली. साठ-पासष्ट वर्षांनी तीच वही पुन्हा बाहेर आली. आजोबांचं नाव तिच्यात सापडलं म्हणून कुणी सुटलं. कुणाचं सापडलं नाही, कुणाच्या नावातलं एक अक्षर चुकलं. ३१ ऑगस्ट २०१९ ला जी अंतिम यादी लागली तिच्याबाहेर एकोणीस लाखांहून जास्त माणसं राहिली. वही कुणाला तारते, कुणाला बुडवते. पण १९५१ मध्ये उंबऱ्यावर बसून नाव सांगणाऱ्या म्हातारीला हे कुणी सांगितलं होतं?

आता आपल्याकडं येतो. आपलं दुखणं जरा निराळं आहे.

बाकी देशात गोपनीयतेची भाषा बोलणारे म्हणतात, आम्हाला मोजू नका. आपण सीमाभागातली माणसं सत्तर वर्षं म्हणतोय, आम्हाला मोजा. नीट मोजा. सीमाप्रश्नाचं कुठलंही जुनं निवेदन उघडा, १९५१ च्या जनगणनेतले भाषेचे आकडे त्यात सापडतील. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता आणि बहुसंख्यांची भाषा, यावर आपली सगळी मांडणी उभी आहे. ८६५ गावं म्हणतो ते कशाच्या जोरावर? मोजणीच्याच. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. 

आणि तो निकाल लागेल तेव्हा लागेल, रोजच्या जगण्यातही आकडा लागतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर ठरलेलं संरक्षण आहे. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाचे नियम, सूचना त्या भाषेतही द्यायच्या. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेत. घटनेचं कलम ३५० अ त्यासाठीच आहे. आपण मराठीतून सातबारा मागतो, परिपत्रकं मागतो, तेव्हा समोरचा विचारतो, तुम्ही किती? त्याचं उत्तर जनगणना देते.

म्हणजे एका हातानं आपल्याला दिसायचं आहे, दुसऱ्या हातानं झाकायचं आहे. हे जमायचं कसं?

माझं उत्तर सोपं आहे. तालुक्यात मराठी किती, हा आकडा जाहीर झालाच पाहिजे, मोठ्या अक्षरात. पण अमुक गल्लीतल्या तमुक घरातली अमुक मुलगी मराठी, तिची जात ही, तिचा फोन नंबर हा, हे जाहीर व्हायची काहीएक गरज नाही. आकडा सगळ्यांचा आहे, नाव माझं आहे. हा फरक ज्याला कळला त्याला दोन्ही जमतं.

आता आपल्यातल्या काहींना लागेल ते बोलतो.

मध्यंतरी एक फॉर्म आपल्या ग्रुपवर फिरत होता. ‘सीमाभागातील मराठी कुटुंबांची नोंद’. नाव, पत्ता, फोन, मतदार ओळखपत्राचा नंबर, जात, घरात किती मतं. कुणी काढला ते मी सांगणार नाही, आपल्यातलेच आहेत, हेतू चांगला आहे. मीही सुरुवातीला चार जणांना पाठवला. मग एका मैत्रिणीनं विचारलं, ‘दादा, हे सगळं जमून कुणाच्या फोनमध्ये राहणार?’ मला उत्तर देता आलं नाही.

विचार करा. मोर्चाला गेल्यावर गुन्हे कुणावर दाखल होतात, एक नोव्हेंबरच्या आधी कुणाला नोटिसा येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. सरकारी नोकरीत असलेली आपली माणसं फोटोत मागं उभी राहतात, ते उगाच नाही. अशा ठिकाणी आपणच मराठी घरांची नावासकट यादी करून एका फोनमध्ये, एका लिंकमागं ठेवतोय. सरकारच्या यादीला निदान कलम १५ चं कुलूप आहे. आपल्या यादीला कसलं कुलूप आहे? ज्यानं फॉर्म केला त्याचा फोन हरवला, त्याचं भांडण झालं, तो उद्या दुसऱ्या पक्षात गेला, तर?

आपल्याला आकडा हवा असेल तर आकडाच गोळा करूया. गावात घरं किती, त्यात मराठी बोलणारी किती, शाळेत मुलं किती. नाव नको, फोन नको, मतदार क्रमांक तर नकोच नको. मी तो फॉर्म थांबवा असं आजच्या मेळाव्यात जाहीरपणे सांगतोय, आणि आधी जमलेली नावं पुसून टाका असंही सांगतोय. सरकारकडून जे मागतो ते स्वतः पाळायला नको?

आता प्रत्यक्ष काय करायचं? 

येणारी जनगणना दोन टप्प्यांत आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, प्रत्येक राज्याला त्यातले तीस दिवस. त्यात घराबद्दलचे तेहतीस प्रश्न आहेत. भिंत कशाची, पाणी कुठून, इंटरनेट आहे का, असे. शेवटी मोबाईल नंबर आहे, तो जनगणनेच्या कामापुरता. आधार नंबर, बँकेचं खातं, ओटीपी यातलं काही नाही. प्रत्यक्ष माणसांची मोजणी आपल्याकडं फेब्रुवारी २०२७ मध्ये, १ मार्च २०२७ ची पहिली घटका धरून. जात याच टप्प्यात. भाषाही याच टप्प्यात. 

या वेळी मोबाईलवर स्वतः माहिती भरायची सोय आहे. भरून झालं की एक क्रमांक मिळतो, तो प्रगणक आला की द्यायचा. आणि घरोघर हे भरणार कोण? तुम्ही. आजीचं, आत्याचं, शेजारच्या काकूचं. तुमच्या हातात त्यांच्या आयुष्यातल्या अशा गोष्टी येणार आहेत ज्या त्यांनी कुणालाच सांगितलेल्या नाहीत. म्हणून काही गोष्टी पाळा.

आजीला आत घेऊन बसा. दार लोटा. कट्ट्यावर, देवळात, ग्रुप कॉलवर भरू नका. प्रगणक घरी आला तर त्यालाही आत बोलवा आणि जमलेल्यांना हात जोडून सांगा, ‘जरा वेळानं या.’ 

जे ऐकाल ते तिथंच ठेवा. काकूचं लग्न कितव्या वर्षी झालं हे संध्याकाळी क्रिकेटच्या मैदानावर बोलायची गोष्ट नव्हे. प्रगणकाला फोडल्याबद्दल शिक्षा आहे, तुम्हाला निदान लाज असू द्या.

भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवू नका. मला माहीत आहे, ‘मी मराठी लिहिलं’ म्हणून ठेवणारच तुम्ही. ठेवा, पण नुसते ते तीन शब्द ठेवा. त्या चित्रात तुमचा क्रमांक, घरचं नाव, पत्ता सगळं दिसतं.

जनगणनेच्या नावानं फोन आला आणि ओटीपी, आधार, खाते क्रमांक मागितला तर फोन ठेवा. लिंक आली तर उघडू नका. आपल्या म्हाताऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण चोराला जनगणनेची तारीख तुमच्याआधी कळते.

आणि आता मातृभाषा. आजवरच्या जनगणनांत मातृभाषेची व्याख्या अशी आहे, लहानपणी आईनं तुमच्याशी जी भाषा बोलली ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जायची ती. शाळा कुठल्या माध्यमाची, राज्य कुठलं, याचा संबंध नाही. घरातल्या प्रत्येकाची वेगळी असू शकते. २०११ मध्ये प्रगणकांना सूचनाच होती की सांगणारा सांगेल ती भाषा लिहा, ही भाषा की बोली याचा निवाडा करू नका, धर्मावरून भाषा ठरवू नका. म्हणून लिहिताना बघा. प्रगणक घाईत असेल, गावाकडं बघून एकच भाषा सगळ्यांना लावत असेल, तर नम्रपणे म्हणा, ‘सर, मराठी. परत एकदा वाचून दाखवता?’ 

मातृभाषेनंतर येणाऱ्या भाषांचा प्रश्न २०११ मध्ये होता. तिथं कन्नड येत असेल तर कन्नड लिहा. बिनधास्त लिहा. कन्नड येतं म्हणून आपली मराठी एक गुंजभरही कमी होत नाही.

आणि शेवटचं, जे काहींना आवडणार नाही. घरात सून कन्नड घरातून आली असेल, तिच्या आईनं तिच्याशी कन्नडच बोलली असेल, तर तिच्या रकान्यात कन्नड येईल. कोकणीवाली असेल तर कोकणी, उर्दू असेल तर उर्दू. तिला दटावून मराठी लिहायला लावू नका. १९५१ मध्ये पंजाबात मातृभाषेच्या रकान्यावरून एवढी ओढाताण झाली की शेवटी हिंदी, पंजाबी, उर्दू आणि पहाडी वेगवेगळ्या न मोजता एकत्र टाकाव्या लागल्या. आकड्यावरचा विश्वास गेला की आकडा असून उपयोग नाही. आपली बाजू खरी आहे ना? मग तिला खोट्या आकड्याचा टेकू कशाला?

आमची आजी २०१६ मध्ये गेली. त्या कागदावर तिची दोन मुलं कायमची मोजायची राहिली. आता दुरुस्त होणार नाही. पण तुमच्या घरातल्या आज्या अजून आहेत. त्यांच्याजवळ बसा, दार लोटा, आणि त्यांना सांगा, ‘आजी, हे फक्त तुझं नि माझं. बाहेर जाईल तो नुसता आकडा.’ एवढं ऐकल्यावर ती खरं सांगेल. तिची मुलंही मोजली जातील आणि तिची भाषाही.